म्हाताऱ्या तेलविहिरींना आम्लाची मात्रा

ढोकीच्या काळ्या रानात नांगर फिरला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. अम्मीच्या ताटातली लिंबाची फोड पळवून आम्ही ती या खड्यांवर पिळायचो. बारीक फेस यायचा. याच फेसाने जगातल्या कितीतरी थकलेल्या तेलविहिरी पुन्हा वाहत्या केल्या, हे फार उशिरा वाचनात आले.

जमिनीखाली तेल तळ्यासारखे साठलेले नसते. खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेले असते. वर्षानुवर्षे उपसा होता होता विहिरीलगतची छिद्रे क्षारांनी, गाळाने बुजतात. तेल असते, वाट नसते. खडक चुनखडीचा असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल आत सोडतात. दगड विरघळतो आणि नव्या वाटा पडतात.

अमेरिकेत हर्मन फ्राश या रसायनतज्ज्ञाने १८९६ मध्ये या युक्तीचे पेटंट घेतले. ओहायोतल्या विहिरींत तेल वाढलेही. पण आम्ल दगडाबरोबर लोखंडी नळही खाऊ लागले आणि युक्ती मागे पडली. पुढे १९३२ च्या फेब्रुवारीत मिशिगनमधल्या एका विहिरीत डाऊ कंपनीच्या तज्ज्ञांनी ५०० गॅलन आम्ल सोडले. या वेळी त्यात सोमलाचे संयुग मिसळले होते. नळ वाचले, चुनखडी विरघळली, विहीर तेल देऊ लागली. शोध आम्लाचा नव्हताच. आम्लाला आवर घालणाऱ्या द्रव्याचा होता, आणि त्याला ३६ वर्षे लागली.

साखर कारखान्यांच्या परिसरात राहणाऱ्यांना हे नवे नाही. उसाचा रस आटवणाऱ्या नळ्यांवर बसलेला थर काढायला सौम्य आम्ल वापरतात, तेव्हाही धातू राखणारे द्रव्य त्यात घालावे लागते.

आपल्याकडे ‘सागर सम्राट’ने १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. मुंबई हायचे बहुतेक तेल चुनखडीच्या खडकातच आहे. ऐंशीचे दशक संपता संपता उत्पादन शिखरावर पोचले, मग उतरत गेले. तिथल्या विहिरींनाही आम्लाची मात्रा दिली जाते. मात्र, श्रोतेहो, आम्ल तेल निर्माण करीत नाही. वाट चुकली तर तेलाऐवजी पाणीच वर येते.

आपल्या बोअरला ही मात्रा लागू पडत नाही. आपला काळा पाषाण चुनखडीसारखा विरघळत नाही. पण देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून येत असताना जुनी विहीर सोडून देण्याआधी एक विचारायलाच हवे : ती आटली आहे, की नुसती बुजली आहे?