तीन पत्रांवरून एक मन

१२ जून १९८२. पुण्यात मंजुश्री सारडा यांचा मृतदेह आढळला. लग्न ११ फेब्रुवारीचे, म्हणजे संसार जेमतेम चार महिन्यांचा. रासायनिक तपासणीत पोटॅशियम सायनाइड सापडले. इथपर्यंत सारे पक्के. विष त्यांनी घेतले की त्यांना कुणी दिले, हा प्रश्न मात्र तीन न्यायालयांपुढे गेला. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

‘एआयआर’ या निकालसंग्रहाच्या १९८४ च्या खंडात पृष्ठ १६२२ पासून छापलेल्या निकालपत्रात निशाणी ३०, ३२ आणि ३३ यांवर वाचकाने थांबावे. ही मंजुश्रींची पत्रे: दोन बहिणीला, एक मैत्रिणीला. त्यांत पतीकडून होणारी उपेक्षा आहे, एकटेपण आहे, भीती आहे. फिर्यादी पक्षाने ती छळाचा पुरावा म्हणून मांडली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. फझल अली यांना त्याच ओळींत अतिसंवेदनशील, खचलेले मन दिसले. त्यासाठी त्यांनी रॉबर्ट कॅस्टनबॉम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मृत्यूविषयक ग्रंथाचाही आधार घेतला. पुरावा कायद्याच्या कलम ३२ खाली ही पत्रे कितपत ग्राह्य, यावर खंडपीठातील तिन्ही न्यायमूर्तींचे एकमत नव्हते.

निकालाचा अर्थ नेमका घ्यायला हवा. आत्महत्या सिद्ध झाली, असे न्यायालय म्हणत नाही. ती शक्यता वगळता येत नाही आणि आरोपीजवळ विष असल्याचे सिद्ध झालेले नाही, म्हणून संशयाचा फायदा त्याला, इतकेच. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे याच निकालात आहेत आणि त्या कसोटीवर निकाल टिकतो. अडचण आहे ती मनाच्या निदानाची. पत्र ते वाचणाऱ्या माणसाकडे पाहून लिहिलेले असते. बहिणीला काय सांगायचे, काय गाळायचे, हे लिहिणारीच ठरवते. लॉस एंजेलिसमध्ये १९५०च्या दशकाअखेरीस एडविन श्नाइडमन आणि नॉर्मन फार्बेरो यांनी मृताच्या मनःस्थितीचा छडा लावण्याची पद्धत बसवली, तीत कागदांबरोबर नातलग, मित्र, डॉक्टर यांच्या मुलाखतीही घेतल्या जात. ग्रंथातले सामान्य वर्णन एका व्यक्तीला लावणे हा अनुमानाचा टप्पा आहे. भीती स्वभावातून आली की घरातून, हे पत्रांतला भित्रा सूर एकटा सांगू शकत नाही.

न्यायालयाबाहेर या कागदांचे वेगळे वाचन झाले. विद्या बाळ यांच्या नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन गावोगावी नेले. डिसेंबर १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि विवाहितेचा छळ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, १४ सप्टेंबर १९८४ रोजी, कुटुंब न्यायालय कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे कलम १२ न्यायाधीशाला वैद्यकीय किंवा समाजकल्याण तज्ज्ञाची मदत घेऊ देते. या तारखांचा एकमेकींशी थेट कार्यकारणसंबंध आहे, असे निकालपत्रावरून म्हणता येत नाही. पण पत्रांवरून केलेल्या निदानापेक्षा इथे फरक मोठा आहे: कुटुंब न्यायालयातल्या मुलांच्या ताब्याच्या दाव्यात तज्ज्ञाने ज्यांच्याविषयी अहवाल लिहायचा, ती बाई, तो पुरुष आणि ते मूल समोर बसलेले असतात.

म्हणून अशा अहवालाकडून किमान एक अपेक्षा रास्त आहे. तज्ज्ञाने स्वतः काय पाहिले, काय ऐकले आणि त्यावरून काय ताडले, हे त्यात वेगवेगळे लिहिलेले असावे. ‘बाई फार हळवी आहे’ हे वाक्य निरीक्षण म्हणून आले, तर पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: कशामुळे, कधीपासून आणि कुणापुढे?