शेवटचा मैल : बेगडेवाडीच्या कडेने गेलेल्या तारांचा इतिहास

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते आणि घोरावाडीच्या आधी बेगडेवाडीला थांबते. मुंबई-पुण्याच्या जलद गाड्यांना इथे थांबा नाही. मावळातल्या या छोट्या स्थानकाचे नाव दूरसंचाराच्या कोणत्याही इतिहासात माझ्या वाचनात आलेले नाही. तरीही मुंबई आणि पुणे यांना जोडणारा लोहमार्ग, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे तिन्ही या टापूत एकमेकांपासून फार दूर नाहीत. आणि निरोपाची तार बहुधा रुळाचा किंवा रस्त्याचा हात धरूनच चालत आलेली आहे. दीडशेहून अधिक वर्षे निरोप या पट्ट्यातून जात आहेत. माझा प्रश्न एवढाच, की ते इथे उतरतात का, आणि उतरतात तर कशावरून?

मी अभियंता नाही. तळेगाव-चाकण भागातल्या लघुउद्योगांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षे गेली. लीज्ड लाइनच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र जोडणीच्या, दरपत्रकात तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या मांडलेल्या असत : मुख्य दुवा आणि ‘लोकल लीड’. पहिली दोन शहरांमधल्या अंतराची, दुसरी टेलिफोन केंद्रापासून कारखान्याच्या दारापर्यंतची. घोडे अडे ते नेहमी दुसरीवर. मुंबई-पुण्यामधले दीडशे किलोमीटर हा हा म्हणता मिळत; दारापुढचे दीड किलोमीटर महिनोन् महिने मिळत नसत. त्या दुसऱ्या ओळीचा इतिहास शोधताना जे हाती आले, ते इथे मांडत आहे.

रूळ आणि तार

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये वाहतुकीला खुला झाला आणि मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला. त्याआधीच, फेब्रुवारी १८५५ पासून, सरकारी तारसेवा सर्वसामान्यांना उपलब्ध झाली होती. रेल्वेला तर तारायंत्रावाचून गत्यंतर नव्हते. एकेरी मार्गावर समोरून गाडी येत नाही ना, याची खात्री पुढच्या स्टेशनमास्तरकडून तारेनेच करून घ्यावी लागे. म्हणून रुळाशेजारी खांब उभे राहिले आणि रूळ गेला तिकडे तार गेली.

यातून एक रीत पडली, ती आजही मोडलेली नाही. लांब पल्ल्याच्या वाहिनीला सलग, एकाच मालकाची जमीन लागते. अशी जमीन रेल्वेकडे असते, महामार्गाकडे असते, उच्चदाब वीजवाहिन्यांकडे असते. सप्टेंबर २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीचा पायाच हा होता : रुळाशेजारी ऑप्टिकल फायबर टाकायचे, गाड्यांच्या नियंत्रणासाठी वापरायचे आणि उरलेली क्षमता इतरांना विकायची. १८५८ च्या लोहमार्गाने एकविसाव्या शतकातल्या फायबरला आयती वाट करून दिली.

मात्र रुळाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकले, की प्रत्येक हातभर जमिनीचा मालक वेगळा. १८८५ च्या भारतीय तार कायद्याने सरकारला खासगी जमिनीवरून तारा नेण्याचा अधिकार दिला, पण तो केवळ वापराचा. जमिनीची मालकी मालकाकडेच राहिली आणि नुकसान झाल्यास भरपाई द्यावी असे ठरले. शेवटच्या मैलाची सगळी कज्जेदलाली या तरतुदीभोवती फिरत आलेली आहे. मार्गाधिकाराचे स्वतंत्र नियम यायला २०१६ साल उजाडले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. मावळात एखादी केबल रस्त्यापासून कारखान्यापर्यंत न्यायची, तर वाटेत ग्रामपंचायत, महामार्ग, रेल्वे, वनखाते आणि कुठे लष्करी छावणी, यांपैकी कोण कोण भेटेल ते जागेवर गेल्यावरच कळते.

तांब्याची जोडी

मुंबईत टेलिफोन केंद्र आले १८८२ मध्ये. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे शेवटचा मैल म्हणजे तांब्याच्या तारांची एक जोडी, एवढेच समीकरण होते. ट्रंक कॉलच्या साध्या, अर्जंट आणि लाइटनिंग अशा दरांच्या आठवणी आमच्या पिढीकडे आहेत. पण वरच्या दराने पैसे मोजले तरी आपल्या दारातली जोडी पावसाने भिजली असेल, तर बोलणे व्हायचे नाही. मावळातला पाऊस हा या इतिहासातला एक मोठा घटक आहे. भूमिगत केबलच्या आवरणाला बारीक चीर पडली तरी पाणी आत शिरते, कागदी वेष्टण भिजते आणि शेकडो जोड्या एकदम मुक्या होतात. यावरचा तोडगा म्हणजे जेली भरलेली केबल : तारांमधल्या पोकळीत पाण्याला थारा न देणारा चिकट पदार्थ भरलेला. अशा केबली पुढे देशातच बनू लागल्या. त्या बनवणाऱ्या फिनोलेक्सचा एक कारखाना मावळातच, उर्से येथे आहे.

दरम्यान केंद्रा-केंद्रांमधला दुवा बदलत होता. १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या केंद्रांदरम्यान देशातली पहिली पीसीएम यंत्रणा सुरू झाली. आवाजाचे अंकांत रूपांतर करून तारांच्या दोन जोड्यांवर ३० संभाषणे नेण्याची ही युक्ती. तिचा वेग सेकंदाला सुमारे २० लाख बिट, म्हणजे २ एमबीपीएस. पुढे हाच ‘ई-वन’ उद्योगांच्या जोडण्यांचे माप बनला. १९७९ मध्ये केंद्रांना जोडणारी देशातली पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा सुरू झाली, ती आपल्या पुण्यात. काचेच्या केसाएवढ्या तंतूतून प्रकाशाने निरोप नेण्याचा हा मान पुण्याला मिळाला, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. जाता जाता नोंदवतो, की लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना उभा राहिला होता. त्या काचेचा आणि या काचेचा कारखानदारीतला संबंध काही नाही. पण काचेसाठी लोकवर्गणी काढणाऱ्या गावाच्या कडेने पुढे काचेच्याच तारा धावाव्यात, हा योग नोंदवण्याजोगा वाटतो.

१९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली आणि तिने १२८ जोडण्यांचे, वातानुकूलनाशिवाय चालणारे ग्रामीण टेलिफोन केंद्र तयार केले. पहिले केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. त्यामुळे केंद्र गावाजवळ सरकले आणि तांब्याचा शेवटचा टप्पा आखूड झाला. शेवटचा मैल जिंकण्याचे खरे तर दोनच मार्ग आहेत : वाहिनी सुधारणे, किंवा मैलच लहान करणे.

इथरचे जाळे

इथरनेटची कथा सुरू होते कॅलिफोर्नियात. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात ही कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात आली. तिचे बीज मात्र तारेत नव्हते. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅम्सन यांनी १९७१ मध्ये उभारलेल्या ‘अलोहानेट’मध्ये संगणक रेडिओ लहरींवर बोलत, दोघे एकदम बोलले, तर थोडे थांबून पुन्हा बोलत. मेटकाफ यांनी ही शिस्त जाड केबलमध्ये आणली आणि जुन्या भौतिकशास्त्रातल्या सर्वव्यापी ‘ईथर’चे नाव दिले. माध्यम कोणतेही असो, बोलण्याची रीत एकच, हा अर्थ त्या नावात पहिल्यापासून आहे.

१९८३ मध्ये याचे मानक ठरले. १९९० मध्ये टेलिफोनच्या तारेसारख्या पिळाच्या जोडीवर इथरनेट चालवण्याचे मानक आले आणि कचेऱ्या-कचेऱ्यांत ते पसरले. पण भिंतीबाहेर त्याचे राज्य नव्हते. कारखान्याच्या आत संगणक १० एमबीपीएसने बोलत आणि फाटकाबाहेर पडताच ६४ केबीपीएसच्या लीज्ड लाइनवर येत. पेठेतल्या रुंद रस्त्याने निघालेली बैलगाडी एकदम बोळात शिरावी तसे.

ही कोंडी फोडण्यासाठी २००१ मध्ये मेट्रो इथरनेट फोरम स्थापन झाला. त्याने तंत्रापेक्षा सेवेची व्याख्या केली. दोन ठिकाणे थेट जोडणारी ‘ई-लाइन’, अनेक ठिकाणे एकाच जाळ्यात आणणारी ‘ई-लॅन’. ग्राहकाला किती वेग मिळेल, निरोपाला किती उशीर लागेल, किती तुकडे वाटेत गळाले तर चालतील, हे करारात लिहायचे. आतून काय वापरायचे ते पुरवठादाराने बघावे. २००४ मध्ये ‘पहिल्या मैलातील इथरनेट’ हे मानक आले. मैल तोच, फक्त अभियंत्यांनी तो ग्राहकाच्या दारापासून मोजला. त्यात तांब्याच्या जुन्या जोडीवर सुमारे २.७ किलोमीटरपर्यंत २ एमबीपीएस, ७५० मीटरपर्यंत १० एमबीपीएस आणि फायबरवर १० किलोमीटर व त्याहून पुढे १ जीबीपीएस अशी सोय ठरली. अनेक जोड्या एकत्र बांधून वेग वाढवण्याचीही तरतूद झाली.

एक सेवा, अनेक वाटा

आता बेगडेवाडीसारख्या ठिकाणी यंत्राचे सुटे भाग करणारा एखादा उद्योजक डोळ्यांपुढे आणा. त्याचे गिऱ्हाईक चाकणला, मुख्य कचेरी मुंबईला. त्याला १० एमबीपीएसची ई-लाइन हवी. करार एकच, पण ती पाच वाटांनी येऊ शकते.

स्वतंत्र फायबर आले, तर प्रश्न मिटला. तांब्याच्या जोड्या बांधून आले, तर केंद्राचे अंतर आणि केबलचे वय पाहावे लागते. मायक्रोवेव्ह रेडिओने आले, तर खोदकाम वाचते, पण समोरचा मनोरा दिसला पाहिजे. शिवाय १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना जोराचा पाऊस शोषून घेतो, आणि लोणावळ्याच्या बाजूने येणारी सर कशी असते ते मावळकरांना सांगायला नको. भूस्थिर उपग्रहावरून आले, तर निरोपाला सुमारे ३६,००० किलोमीटर वर आणि तेवढेच खाली यावे लागते. प्रश्न जाऊन उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद सरतो. पत्रव्यवहाराला ते चालते, यंत्र दुरून हाताळायला नाही. आणि घरगुती फायबरच्या जाळ्यावरून आले, तर एका तंतूवरचा सुमारे २.५ जीबीपीएस वेग ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटलेला असतो. कोणाला किती राखून ठेवायचे हे यंत्रणेत नीट बांधले, तरच करार पाळला जातो. २०२३ पासून फाइव्ह-जीच्या बिनतारी जोडणीची सहावी वाटही खुली झाली आहे.

सहाही वाटांच्या टोकाला भिंतीवर एक लहान डबी बसते. तिच्यातून निघणारी तार एकाच प्रकारची, तिचे टोकही तेच. इथरनेटचे यश हेच आहे, आणि माझ्या मते त्याचा धोकाही यातच आहे. तारायंत्राच्या काळात खांब डोळ्यांना दिसत. तार तुटली तर पोरेसुद्धा सांगत. आता वाट डबीमागे लपते.

याचा फटका कसा बसतो, ते मी एका कारखान्यात पाहिले. मालकाने शहाणपणा करून दोन वेगवेगळ्या पुरवठादारांकडून दोन जोडण्या घेतल्या होत्या. रस्त्याच्या कामावर एका दुपारी जेसीबीचा दात लागला आणि दोन्ही एकदम गेल्या. दोन कंपन्या, दोन बिले, दोन करार. पण चर एकच. एकीने दुसरीच्याच नळीतले तंतू भाड्याने घेतले होते. हे कुठल्याही कागदावर खोटे नव्हते. फक्त कोणी विचारले नव्हते, आणि सांगण्याची सक्ती नव्हती.

दिव्याखाली अंधार

२०११ मध्ये मंजूर झालेल्या, पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचे ठरवले. हे काम मोठे आहे. पण ग्रामपंचायतीच्या कपाटापासून वाडीवरच्या वर्कशॉपपर्यंत पुन्हा तीच दुसरी ओळ उरते. २००५ मध्ये ट्रायने लीज्ड सर्किटचे कमाल दर मोठ्या प्रमाणात खाली आणले, त्याचा लाभ लांब पल्ल्याला लगेच दिसला; पण जिथे चरच नाही तिथे दर स्वस्त होऊन उपयोग नाही.

देहूरोड ते तळेगाव या पट्ट्यात रस्त्याकडेने चालत गेले, की गवतात सिमेंटचे बुटके खुणेचे दगड दिसतात. खाली केबल आहे, खणू नका, असा इशारा. काहींवरची अक्षरे पुसली आहेत, काही उलटून पडले आहेत. या भागातल्या लोहमार्गाचा नकाशा शतकापूर्वीच्या गॅझेटियरमध्ये सापडतो. या चरांचा एकत्रित नकाशा सर्वसामान्य माणसाला सापडत नाही. उद्याचा इतिहासकार बोरघाटातल्या रेल्वेविषयी भरभरून लिहू शकेल आणि २०१० च्या दशकात बेगडेवाडीतल्या एका शेडपर्यंत निरोप कोणत्या वाटेने पोचत होता, याविषयी त्याला एक ओळही लिहिता येणार नाही.

म्हणून लघुउद्योजकांना मी सांगत असतो, की करारावर सही करताना वेगाच्या आकड्याखाली आणखी दोन ओळी लिहून घ्या : शेवटचा टप्पा कशावरून येणार आणि कोणत्या चरातून येणार. त्याने जेसीबी थांबणार नाही. पण दुसरी जोडणी खरोखर दुसरी आहे की नाही, एवढे तरी कळेल. आणि तो कागद रद्दीत घालू नका. या पट्ट्यातल्या शेवटच्या मैलाचे दफ्तर तयार व्हायचे असेल, तर ते अशाच कागदांतून होईल.