बंगळूरची एक अट

दवाखान्याच्या दारावर ‘डॉक्टर परिषदेला गेले आहेत’ अशी पाटी लागली की सोमवारी कुणीतरी विचारतंच, “तिथं नेमकं काय करता हो?” व्याख्यानं ऐकतो, नवी औषधं समजून घेतो. पण खरं शिक्षण चहाच्या वेळी होतं. अडलेली केस मोठ्या डॉक्टरांना विचारता येते, ओळखी होतात. ज्या डॉक्टर बाईंना तिथं थांबायची धास्ती वाटते, त्या या सगळ्याला मुकतात. तोटा त्यांच्या पेशंटचाही होतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई पुण्यात शाळेत जाताना अंगावर शेण झेलत होत्या, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कमला भागवत यांची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. कराडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आली आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिनं अर्ज केला. वडील आणि काका दोघंही तिथलेच विद्यार्थी. संचालक होते नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला.

कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष उमेदवारीचं. रामन यांचं समाधान झालं तरच काम ग्राह्य धरणार. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये.

ही शेवटची अट मला सगळ्यात जास्त खुपते. उद्या एखादा पुरुष वावगं वागला, तर दोष कुणाचा हे आधीच ठरवून ठेवलेलं!

वर्षभरात रामन यांचं मत बदललं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी केंब्रिजमधून १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. भारतात परतल्यावर कमला सोहोनी या नावानं त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केलं आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या. तो अपमान मात्र उतारवयातही त्यांनी बोलून दाखवला.

ती अट कागदावरून गेली, डोक्यातून नाही. मी एम.डी. करत असताना परिषदेच्या रात्रीच्या जेवणातून आमच्या बॅचच्या मुली लवकर निघून जात. आम्ही त्यांना बुजऱ्या म्हणायचो. का जाता, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

जबाबदारी बाईवरून काढून संस्थेवर टाकायला १९९७ साल उजाडलं. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवींवर १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ‘विशाखा’ निकाल दिला. त्यातूनच २०१३ चा कायदा आला. नोकरीच्या निमित्तानं जिथं जावं लागतं ती जागाही त्यात ‘कामाची जागा’ धरली आहे. म्हणजे परिषदेचं हॉटेल आणि मालकानं दिलेली गाडीसुद्धा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी विद्यार्थ्यांनाही आवाराबाहेरच्या अशा कार्यक्रमांत संरक्षण दिलं. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची असते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दवाखान्यात अंतर्गत समिती नसते. तिथल्या बाईनं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं. पोलिसांचा मार्ग वेगळा, तोही खुला आहे.

अडचण अशी की परिषद दोन दिवसांची. मांडव उतरतो, आयोजक पांगतात, आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच कधी कधी पुढच्या परीक्षेचा परीक्षक असतो. म्हणून तक्रार कुणाकडे करायची ते नाव आणि फोन नंबर निमंत्रणातच छापावा, आणि ती व्यक्ती शक्यतो बाहेरची असावी. वक्ता कितीही मोठा असो, तक्रार आल्यावर त्याला व्यासपीठावरून उतरवायची तयारी हवी. सध्या गळ्यातल्या बिल्ल्याच्या मागे बहुतेक वेळा जेवणाच्या वेळा छापलेल्या असतात. एका फोन नंबरापुरती जागा तिथं असतेच.