न्यू-ओलेसुंड : चार घटकांचा मुक्काम

उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, स्पिट्सबर्गन बेटात, सुमारे ७९ उत्तर अक्षांशावर न्यू-ओलेसुंड हे चिमुकले गाव आहे. प्रवाशांचे जहाज तेथे चार घटकाच थांबते. तेवढ्यात पाहावे काय? बहुतेकांची पावले गावाबाहेरच्या लोखंडी मनोऱ्याकडे वळतात. ११ मे १९२६ रोजी आमुन्सेन, एल्सवर्थ व नोबिले यांना घेऊन ‘नोर्गे’ ही वायुनौका येथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून जाऊन पुढे अलास्कात उतरली.

हा पराक्रम थोर खराच. परंतु गाव वसले ते कोळशासाठी. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणावरून १९६३ साली नॉर्वेचे सरकार कोसळले आणि खाणही कायमची बंद झाली. मग तेथे संशोधक आले; २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ केंद्रही तेथेच आहे.

ध्रुववीरांची नावे आपणांस पाठ असतात, खाणकामगारांची नसतात. म्हणून आमचे सांगणे एवढेच की, मनोरा अवश्य पाहावा. पण त्या चार घटकांतील एक तरी त्या २१ जणांसाठी राखून ठेवावी.