दूरचित्रवाणी, डिजिटल : पेडणे व डिचोली तालुके (गोवा)

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणी जाऊन डिजिटल दूरचित्रवाणी आली, ती मनोऱ्यावरून नव्हे तर केबलच्या वायरीतून आणि आकाशातल्या उपग्रहावरून. हा फरक लक्षात घेतला नाही तर इथल्या प्रक्षेपणाच्या बहुतेक तक्रारी कळत नाहीत. ब्रिटनमध्ये २००८ ते २०१२ या काळात मुख्यतः जुनेच मनोरे डिजिटल करण्यात आले. पुष्कळ घरांना छपरावरचा जुना अँटेना तसाच चालला, खाली फक्त एक बॉक्स जोडावा लागला. भारतात दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये फक्त सोळा शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्यांत मुंबई होती, औरंगाबाद होते; पणजी नव्हती. त्यामुळे कोरगाव, पालये, मये किंवा साखळी इथल्या घराला जुना अँटेना उतरवून नवी छत्री (डिश अँटेना) बसवणे, नाहीतर केबलवाल्याकडून सेट-टॉप बॉक्स घेणे, एवढाच मार्ग उरला.

अ‍ॅनालॉगचा काळ. मनोऱ्यावरून येणाऱ्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पेडण्याचा प्रदेश तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधला, त्यात मोपासारखे उंच सडे. डिचोलीत खाणींचे डोंगर आणि खोलगट भागातली वस्ती. सड्यावरच्या घराला जे चित्र स्वच्छ मिळे, ते उताराखाली व्हाळाकाठच्या घराला मिळत नसे. मग अ‍ॅल्युमिनियमचा अँटेना उंच खांबावर चढवायचा, बूस्टर लावायचा, एकाने वर खांब फिरवायचा आणि दुसऱ्याने आतून ‘आलं, आलं, गेलं’ म्हणून ओरडायचे. चित्र दुबळे असले की पडद्यावर मुंग्या येत. डोंगरावर आपटून तीच लहर क्षणभर उशिरा पोचली की माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसे. तरीही अ‍ॅनालॉगमध्ये एक मोठी सोय होती: बिघाड हळूहळू होई आणि डोळ्यांना दिसे. मुंग्यांतूनही क्रिकेटचा धावफलक वाचता येत असे.

दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने अ‍ॅनालॉग मनोरे टप्प्याटप्प्याने बंद केले. संवेदनशील ठिकाणचे सुमारे ५० प्रक्षेपक वगळून उरलेले सगळे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचे, असे तिने २०२१ मध्ये जाहीर केले होते. गोव्यात याचा फारसा गाजावाजा झाला नाही, कारण तोवर बहुतेक घरे केबलवर किंवा छत्रीवर गेली होती.

केबलचे डिजिटलीकरण मात्र कायद्याने झाले. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स (नियमन) कायदा १९९५ चा. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन चार टप्पे ठरले. पहिल्या टप्प्यात चार महानगरे, दुसऱ्यात ३८ मोठी शहरे. गोव्यातले एकही शहर या दोन टप्प्यांत नव्हते. तिसरा टप्पा उरलेल्या सर्व नगरपालिका क्षेत्रांचा आणि चौथा ग्रामीण भागाचा. ही रेघ तालुक्यांच्या मधून गेली: पेडणे, डिचोली आणि साखळी ही पालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात, हरमल, मोरजी, मांद्रे, धारगळ, शिरगाव, नार्वे ही पंचायतींची गावे चौथ्या टप्प्यात. तिसऱ्याची मुदत ३१ डिसेंबर २०१५ आणि चौथ्याची ३१ डिसेंबर २०१६ होती. न्यायालयीन दावे आणि बॉक्सचा तुटवडा यांमुळे ती लांबून अनुक्रमे ३१ जानेवारी व ३१ मार्च २०१७ झाली. म्हणजे शेवटी दोन्ही टप्पे दोन महिन्यांच्या अंतराने संपले.

ग्राहकाला काय मिळाले? जेवढ्या जागेत एक अ‍ॅनालॉग वाहिनी मावत होती तेवढ्यात दहा-बारा डिजिटल वाहिन्या मावू लागल्या. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची नवी दररचना १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जोडणीचे १३० रुपये अधिक १८ टक्के कर, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, आणि सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे, असा हिशेब होता. पूर्वी केबलवाला महिन्याला ठरावीक रक्कम नेई आणि वाहिन्या तोच निवडत असे. आता निवड ग्राहकाकडे आली, पण ती करायची कशी हे वयस्क माणसांना कुणी नीट समजावले नाही, आणि अनेक घरांत न पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांचे पैसे आजही जातात. केबलचा एक खरा फायदा मात्र नोंदवलाच पाहिजे. प्रुडंट मीडिया, गोवा ३६५ यांसारख्या गोव्यातल्या वाहिन्या लोकांना सवयीच्या झाल्या त्या प्रामुख्याने केबलमुळे. आपल्या पंचायतीची, खाणीची, पाण्याची बातमी ज्यांना हवी त्यांनी केबल सोडली नाही.

छत्रीची वाट. दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. आज तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घेतला की मासिक भाडे नाही. मराठी वाचणाऱ्या या पट्ट्याला तिचे महत्त्व अधिक आहे. पेडणे आणि डिचोली हे पोर्तुगिजांच्या नव्या काबिजादींतले तालुके; शाळा, देवस्थान, नाटक, भजन या सगळ्यांत मराठी इथे पूर्वीपासून मुरलेली. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी उपग्रहावरून थेट घरात येते. मार्च २०१९ मध्ये ज्या अकरा राज्यांच्या दूरदर्शन वाहिन्या फ्री डिशवर आणण्याचे जाहीर झाले, त्यांत गोवाही होता. पणजीच्या केंद्राला राज्याबाहेरही प्रेक्षक मिळण्याची वाट त्यातून खुली झाली. सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडे दिलेल्या मुलींच्या घरीही ती वाहिनी दिसू शकते. तेरेखोल नदी मनोऱ्याच्या लहरींना अडवत नव्हतीच, पण उपग्रहाला तर राज्याची सीमा मुळीच नसते.

दिशा आणि उंची. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. पेडणे-डिचोलीहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२७ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच येतो. इतक्या उंचीमुळे पूर्वेचा सह्याद्री किंवा शेजारचा सडा आड येत नाही. जुन्या अँटेनाची मुख्य अडचण इथे संपली. नवी अडचण माडाची. माडाची चुडते वाऱ्याने हलतात, आणि ओली चुडते लहर शोषून घेतात. म्हणून उन्हाळ्यात नीट चालणारी छत्री जूनमध्ये अडखळू लागते आणि दोष बॉक्सला दिला जातो.

हिशेब सोपा आहे. छत्रीपेक्षा १५ मीटर उंच असलेला माड आग्नेयेला साधारण सव्वाआठ मीटरच्या आत असेल तरच जीसॅट-१५ ला झाकतो. खासगी सेवांचे उपग्रह वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. टाटा प्लेचा ८३ अंशांवर, म्हणून इथून तो ६९ अंश उंच दिसतो. तोच माड सहा मीटरच्या आत असला तरच नडतो. एअरटेलचा १०८.२ अंशांवर, उंची जेमतेम ४७ अंश. त्याला चौदा मीटरवरचा माडही पुरतो. कुळागरात किंवा दाट भाटात घर असेल तर कोणती सेवा घ्यायची हे जाहिरातीतल्या पॅकपेक्षा या कोनाने ठरवणे शहाणपणाचे आहे. माड तोडण्याची तर गरजच पडत नाही. छत्री भिंतीवरून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली तरी बहुधा काम होते.

आड काही येते का हे पाहायला यंत्र लागत नाही. मार्चच्या मध्याच्या आसपास आणि सप्टेंबरच्या अखेरीस, सकाळी अकराच्या आगेमागे, सूर्य काही मिनिटे नेमका जीसॅट-१५ च्या पाठीमागे येतो. सूर्याच्या गोंगाटात सिग्नल तेवढा वेळ दबतो. हा बिघाड नव्हे, आणि बॉक्सला हात लावायचा नसतो. त्याच वेळी छत्रीच्या पत्र्यावर चुडताची सावली पडली असेल, तर तेच चुडत वर्षभर आड येते.

बसवणे. छत्रीचा पत्रा पाहून तिची उंची ओळखू नये. घरगुती छत्र्या तिरकस बनावटीच्या असतात. ६१ अंशांवर रोखलेली छत्री डोळ्यांना पस्तीस-छत्तीस अंशांवर कललेली वाटते. ९३.५ च्या शेजारीच ९५ अंशांवर डिश टीव्हीचा उपग्रह आहे. छत्री दीड अंश सरकली की मीटरवर सिग्नल भरपूर आणि पडद्यावर एकही वाहिनी नाही, असा गोंधळ होतो. तो बहुतेकदा या शेजाऱ्याचा असतो. बॉक्समध्ये एलएनबीची (छत्रीसमोरच्या दांडीवर बसणाऱ्या ग्राही भागाची) वारंवारता ९७५०/१०६०० अशी भरावी, आणि मीटरवर ताकदीच्या पट्टीपेक्षा गुणवत्तेच्या पट्टीकडे पाहत इंचाइंचाने फिरवावे. बॉक्सला नवे चित्र जुळवायला दोन-चार सेकंद लागतात. जुन्या अँटेनाच्या सवयीने खांब सरसर फिरवला तर योग्य जागा हातून निसटते.

भिंत चिऱ्याची असेल तर विशेष काळजी हवी. चिरा मऊ असतो. पाऊस आणि वारा मिळून खिळा ढिला करतात, आणि पहिल्या मोठ्या वादळात छत्री अंशभर वाकते. काँक्रीटचा पिलर किंवा स्लॅब असेल तिथेच पाय बसवावा, आणि तो ओळंब्यात उभा असल्याची खात्री करावी. केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या किनारपट्टीवर खारा वारा स्क्रू आणि जोडण्या खातो. एलएनबीजवळच्या जोडणीवर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळते. आत गेलेले पाणी तांब्याची तार काळी करते. अशी केबल पुसून चालत नाही, बदलावीच लागते.

पाऊस. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. घरगुती छत्र्यांची लहर केयू पट्ट्यातली, सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची. मोठे थेंब तिला शोषतात आणि विखुरतात. डिजिटल चित्र मुंग्यांनी भरत नाही. आधी चौकोन पडतात, आवाज तुटतो, मग एकदम ‘नो सिग्नल’. कड्यावरून पाय घसरावा तसे ते होते. यावर उपाय एकच, सुक्या दिवसात सिग्नलची थोडी शिल्लक ठेवणे. साठ सेंटिमीटरऐवजी नव्वदची छत्री घेतली तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते, आणि मध्यम सरी निभावतात. आषाढातला मुसळधार पाऊस तिलाही अडवतोच, पण तो ओसरला की चित्र आपोआप परत येते. त्या वेळी छपरावर चढून छत्री हलवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. पाऊस थांबल्यावरही मग वाहिन्या येत नाहीत, आणि ओल्या कौलांवरून माणूस पडतो तो वेगळाच.

जुना संच फेकून देण्याचे कारण नाही. त्याला पिवळी-पांढरी-लाल भोके असतील तर बॉक्स सरळ जोडता येतो. बहुतेक फ्लॅट संचांना एचडीएमआय असते. ती वायर वापरावी, चित्र स्पष्ट दिसते.

अलीकडे फायबरचे इंटरनेट गावांत पोचू लागल्यापासून छत्रीला पर्याय निर्माण झाला आहे. प्रसार भारतीचे ‘वेव्हज’ हे ओटीटी व्यासपीठ २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झाले, तेही डिचोली तालुक्यातल्या साखळीचे आमदार असलेले मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या हस्ते. तरी फायबरची वायर रस्त्याकडेच्या खांबांवरून येते, आणि पावसात फांदी पडून ती तुटली की दुरुस्तीला माणूस येईपर्यंत थांबावे लागते. फ्री डिशला असा मधला दुवा नाही. मुसळधार सर सोडली तर वीज असेपर्यंत ती चालते, म्हणून फायबर आलेल्या घरांनीही छत्री उतरवू नये.

विजांचा काळ इथे दोनदा येतो, मान्सूनच्या आधी मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये. दुपारनंतर गडगडाट सुरू होण्याआधीच बॉक्सचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढावीत. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण दाब केबलमधूनही आत येतो. गडगडाट चालू झाल्यावर मात्र केबलला हात लावू नये.