झाडाची पानं निळी का झाली?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तिरुपतीला बालाजीचं दर्शन झालं, की आपली बरीचशी मराठी मंडळी तिथून श्रीकालहस्तीला जातात. वायुलिंगाचं दर्शन, राहू-केतूची पूजा आणि परतीची गाडी, असा ठरलेला कार्यक्रम. आम्हीही १९८८ साली असेच गेलो होतो. देवळाजवळच्या एका अंगणात एक वृद्ध कारागीर कापड पसरून चित्र काढत बसले होते. हातात टोकदार बांबूची काडी, काडीच्या मधोमध दोऱ्याने गुंडाळलेला लोकरीचा बोळा. बोळा रंगात बुडवायचा आणि बोटांनी हलकेच दाबायचा, की रंग टोकाशी उतरे. हीच ती कलम आणि हीच कलमकारी. त्यांच्याकडून मी एक मोठा वृक्ष घेतला आणि घरी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला.

पंधरा वर्षांनी त्या झाडाची पानं निळी झाली. मी घेतलं होतं ते हिरव्या पानांचं झाड.

हे कसं झालं ते समजायला ही कला आधी समजून घ्यावी लागते. कलमकारीत रंग नुसता फासत नाहीत, कापडाला तो धरायला लावतात. कोरं सुती कापड हिरड्याचा अर्क आणि म्हशीचं दूध यांत भिजवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धतेमुळे रंग फुटत नाही. मग चिंचेच्या काटक्यांच्या कोळशाने आराखडा. काळ्या रेषेसाठी गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवतात. हे पाणी हिरड्यावर पडलं, की रेष काळी होते. जिथे तांबडं हवं तिथे तुरटीचं पाणी लावायचं आणि कापड मुळांच्या काढ्यात उकळायचं. तुरटी लावली तेवढ्याच जागी तांबडा रंग पक्का बसतो, बाकीचा वाहत्या पाण्यात धुऊन निघतो. हिरवा रंग मात्र वेगळा नसतोच. निळीवर पिवळा चढवला की हिरवा दिसतो.

या पक्क्या रंगानेच एके काळी युरोपला वेड लावलं होतं. महाबळेश्वरला उगम पावणारी आपली कृष्णा जिथे समुद्राला मिळते, तिथून जवळ मच्छलीपट्टण हे बंदर आहे. ते गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं बंदर. इंग्रजांनी १६११ मध्ये तिथे वखार घातली. डच त्याआधीच पोहोचले होते. आपण ज्याला छीट म्हणतो, त्याच शब्दाचं इंग्रजांनी ‘चिंट्झ’ केलं. सुतावर असे धुऊनही न जाणारे रंग बसवणं तिकडच्या रंगाऱ्यांना तेव्हा साधलेलं नव्हतं. पडदे, पलंगपोस, बायकांचे झगे, सगळीकडे छीट दिसू लागलं.

तिथले विणकर धास्तावले. फ्रान्सने १६८६ मध्ये या कापडावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडने १७०० आणि १७२१ असे दोन कायदे केले. १७१९ मध्ये तर लंडनच्या विणकरांनी छीट नेसलेल्या बायकांना भर रस्त्यात गाठून त्यांचे कपडे फाडले. दुसरीकडे ही विद्या मिळवण्याची खटपटही चालूच होती. पाँडिचेरीचे फ्रेंच धर्मोपदेशक कोर्दू यांनी १७४२ मध्ये इथल्या रंगाऱ्यांकडून सगळी कृती समजून घेऊन पत्राने मायदेशी कळवली. पुढे यंत्रावरची छपाई आली, १८६९ च्या सुमारास कृत्रिम तांबडा रंग आला, आणि मच्छलीपट्टणचं छीट मागे पडलं. श्रीकालहस्तीत देवळांसाठी रामायण-महाभारताचे पट रंगवणारे थोडे लोक उरले. विसाव्या शतकात कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी पुढाकार घेतला, तिथे प्रशिक्षण सुरू झालं आणि ही कला तगली.

आज धोका पुन्हा तोच आहे, फक्त तो आपल्याच बाजारात आहे. गिरणीत छापलेलं कापड सर्रास ‘कलमकारी’ म्हणून विकलं जातं. ते स्वस्त असतं, ते घ्यायलाही हरकत नाही. मात्र ते हाताचं म्हणून हाताच्या भावाने घेऊ नये. श्रीकालहस्तीचं काम कलमेचं, तर मच्छलीपट्टण-पेडणा भागातलं मुख्यतः लाकडी ठशांचं. दोन्ही अस्सल, पण दोन्हींची किंमत एक नव्हे. घेताना एकाच आकाराची दोन फुलं शेजारी धरून पाहा. कलमेची असतील तर ती तंतोतंत सारखी नसतात, रेष कुठे जाड, कुठे बारीक होते. ठशाच्या कामात नक्षी तीच तीच येते, पण ठसे जिथे जुळतात तिथे थोडी चूक दिसते. जिथे काहीच चुकलेलं नाही तिथे शंका घ्यावी. कापड उलटून पाहा. मागची बाजू पांढरीफटक असेल, तर रंग वरवर छापलेला असण्याचा संभव मोठा. आणि रंग कोणते, काम कुणाचं, हे दुकानदाराला न संकोचता विचारा.

आता निगा. नवी साडी किंवा ओढणी थंड पाण्यात, रिठ्याने, वेगळी धुवावी. पिळू नये, सावलीत उलटी वाळवावी. जुना पट घरी धुऊच नये. काळ्या रेषेतलं लोखंड हळूहळू सूत खातं, म्हणून जुन्या पटात पहिली भोकं पडतात ती काळ्या रेषेवर. तिथेच घडी पडली तर कापड तुटतं. तेव्हा घडी न घालता, धुतलेल्या मलमलीत घेऊन जाड नळीवर गुंडाळावं. प्लॅस्टिकची पिशवी नको. चौकटीत बसवलंत तर काच कापडाला टेकू देऊ नका.

आणि ऊन नको. माझी चूक तीच होती. खिडकीतल्या उन्हाने वरचा पिवळा उडाला आणि खालची नीळ तेवढी उरली. युरोपातल्या संग्रहालयांत अठराव्या शतकातली छिटं आहेत, त्यांतल्या कित्येकांचीही पानं आता निळी दिसतात. त्यांना त्याला शंभर-दोनशे वर्षं लागली असतील, मी ते पंधरा वर्षांत करून दाखवलं!

तो पट आता कपाटात गुंडाळून ठेवला आहे. पाहुण्यांना दाखवतो तेव्हा पानं मुळात हिरवी होती, हे सांगावं लागतं. तुमच्या घरी असं एखादं कापड असेल, तर ते कोणत्या भिंतीवर आहे हे आज एकदा पाहून घ्या.