रेशमाचा परका धागा

येवल्याच्या पैठणीस लागणारी जर सुरतेहून जाते, ही गोष्ट आम्ही इथली जुनी मराठी घरे मोठ्या अभिमानाने सांगत आलो. रेशमाच्याच एका धाग्याने वैद्यकातले एक कोडे उलगडले, हे मात्र आमच्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

जोसेफ लिस्टर यांनी १८७७ साली लंडनमध्ये गुडघ्याची मोडलेली वाटी चांदीच्या तारेने सांधली. जंतुनाशकाच्या बळावर ते धाडस साधले. तरीही पुढल्या काळात, शस्त्रक्रिया निर्दोष होऊनसुद्धा, धातू बसविलेली जागा कधी कधी महिन्यांनी चिघळे. १९५७ साली एलेक व कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकोकस जंतू टोचून पाहिले. एरवी पू धरण्यास लाखो जंतू लागत. रेशमी टाका घातला असता काही शेकड्यांत काम भागे. धागा अस्वच्छ नव्हता, परका होता एवढेच! परक्या पृष्ठभागास चिकटून जंतू स्वतःभोवती बुळबुळीत पापुद्रा विणतात आणि त्याआड औषधास दाद देत नाहीत, हा उलगडा पुढे झाला.

आज आमच्या घराघरांत कुणाचा ना कुणाचा गुडघा धातूचा आहे. तो दुखू लागला, जखमेतून पाणी आले, की कपाटातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेण्याची आमची जुनी खोड. ताप उतरतो, पण जंतू केवळ दबतात, आणि मग सांध्यातील द्रव तपासला तरी प्रयोगशाळेत काही उगवत नाही. म्हणून प्रकृती गंभीर नसेल तर आधी नमुना, मग औषध, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. शस्त्रक्रियेत निरनिराळ्या जागांचे पाचसहा तुकडे घेतात, कारण एकाच तुकड्यात सापडलेला जंतू त्वचेवरून आलेला असू शकतो. काही जंतू इतके संथ, की दोन आठवडे वाट पाहावी लागते. आपल्या देशात क्षयाचाही विचार करावा लागतो.

लवकर कळले तर सांधा धुऊन, सुटे भाग बदलून व दीर्घकाळ औषधे देऊन तो बहुधा वाचतो. उशीर झाल्यास पुष्कळदा तो काढून तेथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवतात, आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी नवा बसवितात. सत्तरी उलटलेल्या माणसाचे जग त्या मधल्या काळात पलंग आणि काठी एवढेच उरते.